दुर्गाघाट ते लंका

काशीतही एक लंका आहे, बाळांनो. हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वाराबाहेरचा गजबजलेला चौक म्हणजे लंका. दुर्गाघाटावरच्या आपल्या घरातून निघायचं, पाण्याच्या काठाकाठानं दक्षिणेला अस्सीपर्यंत चालायचं, तिथून वर चढून लंका गाठायची आणि मग विद्यापीठाच्या आत सयाजीराव गायकवाड ग्रंथालय. ही माझी नोकरीची वाट. सव्वा-दीड तास लागायचा. ऑटोरिक्षा होत्या, सायकलही होती. पण पाणी उतरलेलं असलं की मी पायीच निघायचो. सकाळी वाटेत जो प्रश्न पडे, त्याचं उत्तर दुपारच्या सुट्टीत कपाटातून काढता येई. असं भाग्य फार थोड्या नोकरदारांच्या वाट्याला येतं.

यात्रेकरू काशी एकदा पाहतो. रोज त्याच वेळी त्याच पायऱ्यांवरून जाणाऱ्याला काशी बदलताना दिसते. काल इथं एक पक्षी होता, आज दोन आहेत. काल या झाडाला पालवी नव्हती, आज आहे. निसर्गाचं निम्मं शास्त्र अशा रोज जाणाऱ्यांच्या डोळ्यांनीच उभं केलं आहे.

आधी नदीचंच बघा. घाटावर उभं राहिलं की पाठीशी वाडे, देवळं, गच्च भरलेलं शहर. आणि पलीकडच्या काठावर नुसती वाळू. एका बाजूला इतकी गर्दी आणि दुसऱ्या बाजूला काहीच कसं नाही? एक प्रयोग करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात चहाची पत्ती टाका आणि चमच्यानं गोल ढवळा. पत्ती कडेला जाईल असं वाटतं, पण ती तळाशी मधोमध गोळा होते. १९२६ साली आइन्स्टाइनने यावर एक छोटासा लेख लिहिला आणि त्याच युक्तिवादाने नद्यांच्या वळणांचा उलगडा केला. वळणावर वरचं पाणी जोरात धावतं, तळाचं पाणी घर्षणानं मंदावतं. वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, खाली बुडतं आणि तळातून आतल्या काठाकडं परततं. जाताना वाळू ओढून नेतं. काशीला गंगा अर्धचंद्रासारखी वळत उत्तरेकडं जाते. आपले घाट त्या वळणाच्या बाहेरच्या काठावर आहेत, वाळू आतल्या. बाहेरचा काठ कंकर मिसळलेल्या चिवट मातीचा आणि उंच, म्हणून तो टिकला. त्या काठावरच पेशव्यांनी, शिंद्यांनी, भोसल्यांनी, अहिल्याबाईंनी दगडी घाट बांधले.

पावसाळ्यात मात्र नदी ही वाट परत घेते. इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. तेव्हा गल्ल्यांमधून नावा चालल्या. पाणी उतरलं की पायऱ्यांवर गाळाचा जाड थर राहतो, आणि तो उपसला जाण्याआधीच शेपटी हलवत धोबी पक्षी त्यावर किडे टिपायला येतो. हा पांढरा धोबी हिमालयापलीकडून आलेला असतो. मला विचाराल तर काशीतला हिवाळा पंचांगानं सुरू होत नाही, या पक्ष्यानं सुरू होतो.

त्याच्या मागोमाग नोव्हेंबरात येतात ते नदीवरचे पांढरे पक्षी. तुम्ही नावेतून गेलात तेव्हा नावाडी “आओ, आओ” करत शेव उधळत होता आणि थवाच्या थवा नावेवर तुटून पडत होता, तेच. सगळं बनारस त्यांना ‘सायबेरियन’ म्हणतं. आपण मराठीत कुरव म्हणतो. कोकणच्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात असतात. या थव्यात दोन जाती मिसळलेल्या असतात. काळ्या डोक्याचा कुरव युरोप आणि सायबेरियाच्या पट्ट्यातून येतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं घर मध्य आशियाच्या आणि तिबेटच्या उंच पठारावर, खाऱ्या-गोड्या सरोवरांच्या काठी. आपल्या लडाखमध्येही त्याची वीण होते. म्हणजे ज्याला लोक परदेशी पाहुणा म्हणून शेव घालतात, तो लडाखचा निघायचा!

ओळखायचे कसे? हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच असतात, कानाशी तेवढा काळपट ठिपका. मग डोळा बघायचा. पूर्ण वाढलेल्या तपकिरी कुरवाचं बुबुळ फिकं असतं, काळ्याचं गडद. आणि तो उडाला की पंखाचं टोक बघायचं: तपकिऱ्याच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके चमकतात, काळ्या डोक्याच्या पंखाला पुढच्या कडेनं पांढरा पट्टा असतो. एकदा ही खूण कळली की तो थवा सरसकट पांढरा राहत नाही, त्यात माणसांसारखी घराणी दिसू लागतात.

या पक्ष्याच्या डोक्यात एक नवल दडलंय. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत, दोन ग्रंथी असतात. समुद्राचं पाणी प्यायल्यावर रक्तात आलेलं जादा मीठ त्या उपसतात आणि दाट खारट थेंब करून नाकपुड्यांतून बाहेर टाकतात. आपण समुद्राचं पाणी प्यायलो तर ते मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना प्यायल्यापेक्षा जास्त पाणी लागेल आणि तहान वाढतच जाईल. कुरव मात्र तिबेटच्या सरोवरावर, गंगेवर आणि रत्नागिरीच्या खाडीत सारख्याच सुखानं राहतो. एवढी यंत्रणा घेऊन आलेल्या पक्ष्याला आपण तळलेली शेव चारतो, याचं मला फार वाईट वाटतं. मासे, किडे, गांडुळं, पाण्यावर तरंगणारं खरकटं हे त्याचं अन्न तो स्वतः शोधतो. नावाड्यांच्या मुलांना मी हेच सांगत आलो आहे, आणि त्यांच्यातली काही आता प्रवाशांना शेव न विकता डोळ्याचा रंग दाखवतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर एक बदल सुरू होतो, आणि तो रोज जाणाऱ्यालाच दिसतो. एखाद्या पक्ष्याच्या कपाळावर काळसर शिंतोडे उठतात. आठवड्यानं गाल भरतात. मार्च लागेपर्यंत कित्येकांनी गळ्यापर्यंत गडद टोपडं चढवलेलं असतं. डोक्यावरची जुनी पिसं गळून त्या जागी नवी रंगीत पिसं आलेली असतात. पंखांची मोठी पिसं तशीच राहतात, कारण त्यांच्यावरच परतीचा प्रवास करायचा असतो. मग एका सकाळी पाणी मोकळं. पंचगंगा घाटावर थंडी असते तशीच, खाणं असतं तसंच. मग निघायची वेळ झाली हे यांना सांगितलं कुणी? हा प्रश्न मी बरीच वर्षं खिशात घेऊन चालत होतो. त्याचं उत्तर वाटेच्या शेवटी येईल, तोवर चाला.

भोसले घाट, शिंदे घाट. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला हा घाट स्वतःच्याच भारानं खचला. त्याच्याशेजारचं रत्नेश्वराचं कललेलं देऊळ तुम्ही पाहिलंत. त्याच्या शिखरावर मला हटकून काळा-पांढरा कवड्या खंड्या दिसे. इतर खंडे फांदीवर बसून सूर मारतात. हा पाण्यावर दहा-बारा हात उंच, पंख भराभरा मारत एका जागी थांबतो. शरीर थरथरत असतं आणि डोकं मात्र खिळ्यानं ठोकल्यासारखं स्थिर, नजर मासोळीवर. लहान मासा असेल तर तो उडता उडताच गिळतो, काठावर यावंच लागत नाही. म्हणून रुंद पात्राच्या मधोमधही त्याला शिकार जमते.

मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर डोकं खाली घालून पुढं निघायचं आणि मानमंदिरापाशी वर बघायचं. वाड्यांच्या सज्ज्यांखाली, दगडी कमानींच्या पोटाला गवत-पिसांचे गोळे चिकटवलेले दिसतात. ती पाकोळ्यांची घरटी. पाकोळी हवेतच तरंगणारं गवत आणि पिसं पकडते आणि आपल्या लाळेनं ती दगडाला चिकटवते. तिचे पाय इतके आखूड असतात की चिमणीसारखं फांदीवर बसणं तिला जमत नाही. नख्या रोवून ती भिंतीला लटकते. खाणं, पिणं, घरट्याचं सामान आणणं, सगळं उडता उडता. तिची युरोपातली एक चुलत बहीण तर याहून पुढं गेली. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्या पाठीवर ग्रॅमभर वजनाचं यंत्र बसवलं आणि २०१६ साली जाहीर केलं, की काही पाकोळ्या वर्षातले दहा महिने जमिनीला टेकतच नाहीत. झोपही हवेतच घेत असाव्यात. राजा जयसिंगानं मानमंदिराच्या गच्चीवर आकाश मोजायला वेधशाळा बांधली, आणि त्याच भिंतींच्या पोटाला हे प्राणी राहतात ज्यांचं सगळं आयुष्य आकाशात जातं!

दशाश्वमेधापर्यंत ऊन तापू लागतं आणि घारी वर चढतात. पहाटे त्या पंख मारताना दिसतात, दहाच्या सुमारास पंख न हलवता गोल गोल वर जातात. तापलेल्या दगडांवरची हवा हलकी होऊन वर उठते, त्या उठत्या हवेवर स्वार व्हायचं, एवढंच त्यांचं गुपित. ते उकलण्यासाठी एक माणूस धडपडला होता. अर्नेस्ट हँकिन त्याचं नाव; इंग्रज सरकारचा आग्र्यातला रसायनतज्ज्ञ. घारी सकाळी किती वाजता तरंगू लागतात आणि त्यांच्याहून जड गिधाडं किती उशिरानं, याच्या त्यानं नोंदी ठेवल्या. हलक्या पक्ष्याला थोडी उठती हवा पुरते, जड पक्ष्याला ऊन चढावं लागतं.

याच हँकिननं १८९६ साली लिहून ठेवलं, की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू तीन तासांच्या आत मरतात, आणि तेच पाणी उकळलं की तो गुण जातो. कशानं, हे त्याला सांगता आलं नाही. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल यानं जंतूंना खाणारे विषाणू दाखवून दिले, तेव्हा हँकिनच्या निरीक्षणाकडं लोक नव्यानं बघू लागले. म्हणजे गंगेत डोळ्यांना न दिसणारेही शिकारी आहेत. पण बाळांनो, आजच्या गंगेत गटारं मिसळतात. तिचं पाणी पिण्याजोगं आहे असा अर्थ यातून कुणी काढू नये.

हँकिनची गिधाडं मात्र मला वाटेवर दिसेनाशी झाली. एके काळी पलीकडच्या वाळूवर, वाहून आलेल्या जनावराभोवती त्यांचा घोळका असे. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. कावळे आणि कुत्रे ते काम अर्धंमुर्धं करतात. गिधाडांसारखं चोख कुणालाच जमत नाही.

काठाची सफाई करणारे दुसरे कामकरी पाण्याखाली होते. रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटच्या मालवीय पुलापर्यंतचं सात किलोमीटरचं पात्र १९८९ साली कासवांचं अभयारण्य झालं. माझी नदीकाठची सगळी वाट त्याच्या काठानंच जाई. अर्धवट जळून प्रवाहात पडलेले देहावशेष खाण्यासाठी गंगा कृती योजनेत कासवं सोडायचं ठरलं. चंबळच्या खोऱ्यातून अंडी आणून सारनाथच्या केंद्रात पिल्लं वाढवत आणि मग गंगेत सोडत. त्यांतलं मोठं कासव मऊ पाठीचं. त्याच्या पाठीवर कठीण ढालींऐवजी कातड्याचं आवरण असतं आणि नाक नळीसारखं पुढं आलेलं. गाळात सगळं अंग पुरून, मान लांब करून तेवढी नळी पाण्याबाहेर काढतं, श्वास घेतं आणि परत गायब होतं. पाण्याखाली असताना कातडीतून आणि घशाच्या आतल्या आवरणातूनही ते पाण्यातला प्राणवायू शोषतं. केदारघाटाच्या पायरीवर थांबून मी पाण्यावरचा तो करंगळीएवढा ठिपका शोधायचो. २०२० साली अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. मला तो निर्णय पटला नाही आणि आजही पटत नाही. शहराच्या मधोमध, लाखो माणसांच्या पायांशी वन्यजीवांना राखलेलं पात्र आपल्या देशात किती ठिकाणी होतं?

गंगेतला एक मोठा प्राणी मला या वाटेवर भेटला नाही. इथले लोक त्याला सूंस म्हणतात, गंगेतला डॉल्फिन. त्यासाठी काशीच्या खाली, गोमती जिथं गंगेला मिळते त्या कैथीला जावं लागतं. मार्कंडेय महादेवाच्या दर्शनाला गेलं की काठावर थोडं बसावं. पाण्यातून लांब चोच आणि करडी पाठ क्षणभर वर येते, फुसकन श्वास सुटतो आणि संपलं. त्याच्या डोळ्यात भिंगच नसतं. उजेड-अंधार कळतो, आकार कळत नाहीत. गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे? तो सतत टकटक आवाज काढतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठं आहे ते जाणतो. उथळ पाण्यात एका कुशीवर वळून पोहतो आणि एक पर तळाला घासत नेतो. सम्राट अशोकानं आपल्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली आहे, त्यात ‘गंगापुपुटक’ आहे. तो हाच, असं अभ्यासक मानतात. भारत सरकारनं त्याला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरवलं. देशभरातल्या नद्यांतल्या डॉल्फिनची गणना २०२५ मध्ये जाहीर झाली, तो आकडा ६,३२७ होता. यातले जवळजवळ सगळे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले.

अस्सीला नदी सोडायची. दुर्गाकुंड, संकटमोचन, आणि मग हातातली पिशवी सांभाळायची, कारण माकडं. पुण्याकडं तुम्ही पाहता ती लांब शेपटीची, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेली. इथली आखूड शेपटीची, लाल तोंडाची, ऱ्हीसस जातीची. तुमच्या रक्तगटापुढं ‘आरएच पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं ना, ती दोन अक्षरं याच माकडाची. लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० साली या माकडाच्या लाल पेशी सशांना टोचून त्यांच्या रक्तातून एक द्रव मिळवला. तो शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी माणसांच्या रक्ताच्या गुठळ्या करतो, उरलेल्यांच्या करत नाही, असं त्यांना आढळलं. त्या शोधानं पुढं असंख्य बाळंतिणींची बाळं वाचली.

मग सिंहद्वार. आत मालवीयजींनी वसवलेलं विद्यापीठ, तेराशे एकरांचं, आंब्यांच्या रांगांनी भरलेलं. एप्रिल-मेमध्ये इथल्या एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीवर नजर ठेवायची. राखी धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि नरानं आणलेल्या चिखलानं आणि स्वतःच्या विष्ठेनं तोंड लिंपून घेते. उभी फट तेवढी उरते. आत ती आपली उडायची पिसं टाकून देते. म्हणजे ती अंडी उबवते तेव्हा तिला उडताच येत नाही. नर वड-पिंपळाची फळं गिळून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. त्याला काही झालं तर आतला सगळा संसार धोक्यात. आणि तिची नवी पिसं पुरी होतात, तेव्हाच पिल्लंही मोठी झालेली असतात. मग भिंत फुटते. जुनी, पोकळ झाडं निरुपयोगी म्हणून तोडणाऱ्यांनी एकदा या ढोलीखाली उभं राहावं.

आता कुरवाचं उत्तर. फ्रान्समध्ये झाक बनवा नावाचा शास्त्रज्ञ १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करत होता. दिवस लांबत गेले की बदकं विणीला तयार होतात, हे ठाऊक होतं. त्यानं डोळे निकामी असलेल्या बदकांना लांब उजेडात ठेवलं, आणि तीही तयार झाली! पुढं कळलं, की पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. पिसं, कातडी, कवटी ओलांडून उजेड तिथवर झिरपतो. फेब्रुवारीतला दिवस जानेवारीपेक्षा किती लांबला, हे कुरव डोळे मिटूनही मोजतो. त्या मोजणीवर शरीरातले रस बदलतात, डोक्याची पिसं बदलतात आणि परतीची ओढ लागते. गंगेवर थंडी आहे की नाही, याची त्याला गरजच नसते.

हे वाचून मी हरखलो होतो, तेव्हा प्राणिशास्त्राचे एक अध्यापक म्हणाले, अहो, हे काम आपल्याकडंही झालं आहे. खरंच होतं. याच विद्यापीठातल्या प्रा. जे. पी. थपलियाल यांनी सुगरण पक्ष्यांना कृत्रिम उजेडात वाढवून पाहिलं. थंड देशांतले बरेच पक्षी वीण उरकल्यावर काही काळ लांब दिवसांनाही दाद देत नाहीत, त्यांच्या शरीरानं जणू दार लावलेलं असतं. सुगरणीत असा बंद काळ आढळत नाही, असा निबंध थपलियाल आणि सक्सेना यांनी १९६४ मध्ये ‘कॉन्डॉर’ या अमेरिकी नियतकालिकात छापला. आमच्या कपाटात त्याचा अंक होता. त्या दुपारी मी तो उभ्यानंच वाचून काढला आणि संध्याकाळी घाटानं न जाता विद्यापीठाच्या शेतांकडं वळलो. जुलैचे दिवस होते, शिंदीच्या झाडाला सुगरणींची अर्धी विणलेली घरटी लटकत होती, आणि नर गवताची ओली पाती चिरून आणत होते.